मेढा नावाचा परदेश

विट्याच्या बारा मुलींचा इंग्लंडचा दौरा मोडला तो वीरधवल सरांमुळे. दौरा भाषा शिकण्याचा होता. पंधरा दिवस इंग्रज कुटुंबात राहायचं, त्यांच्यातच जेवायचं, त्यांच्याशीच बोलायचं. मुख्याध्यापक म्हणून सरांनी बाराही मुलींचे अर्ज स्वतः भरले आणि बाराही अर्जांवर स्वतःचाच फोटो चिकटवला. विचारलं तर म्हणाले, "जबाबदार व्यक्तीचा फोटो लावावा, आसं मला वाटलं."

व्हिसा आला नाही. पण विट्यात निरोपाचा कार्यक्रम झाला होता, मुलींना हार घालून झाले होते. आता त्यांना घरी कुठल्या तोंडानं ठेवायचं? सरांनी फक्त घरच्यांना सांगून त्यांना मेढ्याला आणलं. मेढा त्यांची सासुरवाडी.

"परदेश म्हंजे काय?" मेढ्यातल्या बारा घरच्या माणसांना बोलावून त्यांनी विचारलं. "आपला न्हवं तो. ह्या पोरींनी मेढा कवा बघितलाय? डोंगर हाय, गारवा हाय. इंग्लंडात आनि येगळं काय आसतंय?"

दिवसा शाळेत सरांचा इंग्रजीचा वर्ग, शेवटी तोंडी परीक्षा. नियम एकच होता. पंधरा दिवस घरात मराठीचा शब्द काढायचा नाही.

राहीबाईला हा नियम ऐकूनच धाप लागली. ती बोलणारी बाई. भाजी चिरताना कोणी नसेल तर विळीशी बोलायची. इंग्रजी तिला टीव्ही, दवाखाना आणि एसटी मिळून चाळीसेक शब्द यायचे. तिचे मालक नाथाजी फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांना इंग्रजी भरपूर यायची, पण सगळी हुकुमाची.

त्यांच्या वाट्याला सुमैरा आली. तेरा वर्षांची, बांगडीवाल्या वाजिदभाईंची पोरगी. येताना वेशीपाशी दूध डेअरीच्या धनाजीनं तिला अडवलं. सरांनी मुलींना पासपोर्ट म्हणून वह्या दिल्या होत्या आणि शिक्का मारायचं काम धनाजीकडं होतं. त्याच्याकडं शिक्का एकच. सुमैराच्या वहीवर निळ्या शाईत उमटलं, 'म्हैस – सकाळ – स्वीकारले'.

पहाटे पाच वाजता नाथाजी ओरडले, "फॉल इन!" सुमैरा दचकून उठली आणि परड्यात ताठ उभी राहिली. "ब्रेकफास्ट, क्विक मार्च!" राहीबाईनं तिच्यापुढं नाचणीची भाकरी ठेवली आणि म्हणाली, "ब्लॅक ब्रेड." पोरीनं "व्हेरी नाइस" म्हणत दोन खाल्ल्या. नाथाजींना हा प्रकार इतका मानवला, की चौथ्या दिवसापासून ते राहीबाईलाही "कॅरी ऑन" म्हणू लागले.

राहीबाईचे मात्र हाल झाले. बोलणं आतल्या आत साठत चाललं. तिसऱ्या दिवशी ती गोठ्यात जाऊन म्हशीच्या कानात भडाभडा मराठी बोलली. तेवढ्यात देखरेखीच्या पूजा मॅडम दारात उभ्या. घरोघर फिरून मराठी पकडायचं काम त्यांचं होतं.

"आवं मॅडम, म्हशीला कुठलं इंग्लिश येतंय?"

"म्हैस यजमान कुटुंबात धरली आहे," मॅडम म्हणाल्या, आणि त्यांनी वहीत लाल फुली मारली.

इकडं विट्यात सुमैराची आई आबेदा काळजीनं वाळत होती. फोनवरही मराठी बंद. लेक रोज नुसतं "आय ॲम फाइन, सर" म्हणायची. हे सर कोण? सहाव्या दिवशी आबेदा एसटीनं निघाली. शेजारणींना सांगितलं, लेकीला भेटायला चाललेय. त्या म्हणाल्या, "एवढ्या लांब? आन् एकाच पिशवीवर?"

वेशीपाशी धनाजीनं पासपोर्ट मागितला. नव्हता. त्यानं तिकिटाच्या मागं म्हशीचा शिक्का मारला आणि तिला आत सोडलं.

राहीबाईनं परकी बाई दारात पाहिली, चेहरा सुमैरासारखा दिसला, आणि तिनं ओळखलं. "या बया" म्हणायला तोंड उघडलं, तर ओसरीवर पूजा मॅडम वही उघडून बसलेल्या.

"कम," राहीबाई म्हणाली. "सिट. वॉटर."

"थँक्यू," आबेदा म्हणाली. "डॉटर?"

"गुड. स्कूल. फोर वाजता... फोर कमिंग."

मॅडमनी 'वाजता'वर फुली मारली.

वाजले होते दोन. दोघी एकमेकींकडं बघत बसल्या. गप्प बसणं राहीबाईला जमत नव्हतं, आणि हवापाण्याचं बोलायला शब्द नव्हते. जवळ होते तेवढेच तिनं जुळवले.

"माय मदर-इन-लॉ," ती म्हणाली, "नो गुड. थर्टी इयर. नाऊ डेड. नाऊ गुड."

आबेदानं तोंडाला पदर लावला. हसू आवरेना. "माय मदर-इन-लॉ," ती कशीबशी म्हणाली, "नो डेड."

राहीबाई हसता हसता कलंडली. तीस वर्षांत हे तिनं मराठीत कुणाजवळ काढलं नव्हतं. मराठीत आडून आडून बोलता येतं, वळसे घेता येतात. इथं वळसा घ्यायला शब्दच नव्हते, म्हणून खरं तेवढंच बाहेर पडत होतं.

"हजबंड?" आबेदानं विचारलं.

"ऑर्डर, ऑर्डर. हार्ट गुड. युवर?"

"नो टॉक. ओन्ली बँगल." मग आबेदानं पुढं विचारलं, "सन?"

"वन. पुणे." राहीबाईनं बोटं मोजली. "टू इयर. नो कमिंग. नो फोन." पुढं शब्द नव्हता. आबेदानंही शोधला, तिलाही सापडला नाही. तिनं नुसता राहीबाईचा हात धरला. पूजा मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि त्या डोंगराकडं बघत राहिल्या.

चार वाजता सुमैरा आली. आईला बघून तिनं आधी पाय जुळवले, मग गळ्यात पडली.

पंधरा दिवस सरले. तोंडी परीक्षेत प्रत्येक उत्तराआधी "परमिशन टू स्पीक, सर" म्हणून सुमैरानं पहिला नंबर काढला. नाथाजींनी कडक सलाम ठोकला आणि घरात जाऊन डोळे पुसले. पूजा मॅडमनी जाहीर केलं, "आता मराठी चालेल." सगळ्या आळीत एकदम कालवा उठला. बारा घरांत माणसं एकाच वेळी बोलत सुटली.

लेकीला न्यायला आबेदा आली होती. राहीबाई धावत पुढं गेली. आता पोटभर बोलायचं.

"कशा हाय तुमी?"

"बरी हाय. तुमचं कसं हाय?"

"चाललंय. ऊन लय हाय."

"व्हय. यंदा जास्तीच."

झालं, संपलं. दोघी चपलांकडं बघत उभ्या राहिल्या. राहीबाईला वाटलं, ही कोण बाई? काय बोलावं हिच्याशी? आबेदानं उगीच पिशवी या हातातून त्या हातात घेतली. मग इकडंतिकडं बघून ती हळूच म्हणाली, "राही, व्हाय यू थिन?"

राहीबाईनं तिच्या हातातली पिशवी काढून घेतली. "कम," ती म्हणाली. "सिट. बिग स्टोरी."

दुपारची एसटी गेली, संध्याकाळचीही हुकता हुकता राहिली.

आता दर गुरुवारी विट्याहून फोन येतो. अर्धा अर्धा तास चालतो. परवा नाथाजी वैतागून म्हणाले, "अगं, तिला मराठी येतंय, तुला मराठी येतंय. सरळ बोला की."

"गप बसा," राहीबाईनं फोनवर हात धरून सांगितलं. "परदेशातनं फोन हाय."