पुट्टीतल्या गोळ्या

भिंत घासताना पॉलिश पेपरखाली काहीतरी खरखरलं. खडा असेल म्हणून नखानं उकरलं, तर पुट्टीतून अख्खी गोळी निघाली. मग दुसरी. खिडकीखालच्या त्या एका भेगेतून सात गोळ्या निघाल्या.

ती दारू सोडवायची गोळी. पोटात असली की घोटभर दारूही माणसाला आडवं करते. रोज सकाळी रंगकामावर आलो की मी ती मेहुण्याला माझ्या हातानं द्यायचो. व्यसनमुक्ती केंद्राचा नियम असा, की गोळी कुस्करून पाण्यात घालायची आणि पेला रिकामा होईपर्यंत समोरून हलायचं नाही. चार वर्षांपूर्वी बायको माझी गोळी अशीच कुस्करायची, तेव्हा मला चोरासारखं वाटायचं. म्हणून याला मी अख्खी द्यायचो, वर पाठ फिरवायचो. विश्वास टाकला की माणूस सुधारतो म्हणे! केंद्रात हे शहाणपण सगळ्यांना मीच शिकवत सुटलो होतो.

मेहुणा शिडीवर छत रंगवत होता. मी तळहात पुढे केला. त्यानं गोळ्या बघितल्या आणि ब्रश डब्यात ठेवला.

"पितोस?"

"रोज नाही, दाजी."

"परवा केंद्राच्या सभेत मी उभं राहून सांगितलं, माझ्या मेहुण्यानं तीन महिने थेंब घेतला नाही. आणि तू शेजारी बसून टाळ्या वाजवल्यास!"

"तुम्ही इतके खूश होता... जीभच रेटली नाही."

"केसानं गळा कापलास रे माझा."

तो बायकोचा भाऊ, तिला माझ्याच तोंडून कळावं म्हणून मी तिथूनच फोन लावला. सगळं सांगितलं.

"मला ठाऊक होतं," ती म्हणाली. "महिन्यापूर्वी त्यानं सांगितलं."

"आणि तू मला..."

"तुम्ही परत बाटली धरली असती तर? मला तेवढंच दिसत होतं हो."

मेहुण्याचं मी समजू शकतो. पिणारा खोटं बोलणारच, मीही कमी बोललो नाही. पण ही रोज मला जेवायला वाढताना विचारायची, "आज कसा होता तो?" चार वर्षं झाली मला दारू सोडून, आणि हिच्या लेखी मी अजून काठावरच उभा! मला रडू फुटलं. शिडीवरून तो बघत होता, बघू दे.

"ऐकताय ना?" फोनवरून तिनं विचारलं.

"ऐकतोय," मी म्हणालो. "मला आत्ता प्यावीशी वाटतेय. फार. कोपऱ्यावरच दुकान आहे. तुझ्यासारखं लपवायचं नाही म्हणून सांगतोय. तू ये लवकर."