गाव लिही, गाव!

चूक माझी. आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कुणी माझी बाजू घ्यायला नको.

रत्नागिरीत एका औषधांच्या दुकानावर आमचं सॉफ्टवेअरचं ऑफिस. एकच खोली, पाच माणसं, सहा वर्षं. मी करुणा, टीमची प्रमुख. समोर सुहास. त्याला जन्मापासून ऐकू येत नाही. ओठ वाचतो, थोडं बोलतो. प्रोग्राम तपासायला बसला की एक चूक सुटायची नाही त्याच्या नजरेतून. मीटिंगमध्ये मी त्याच्याकडे तोंड करून सगळं पुन्हा बोलायचे.

मार्चमध्ये मोठं काम आलं. पाच देशांतल्या टीम्सनी मिळून इस्पितळांसाठी सॉफ्टवेअर बनवायचं होतं. कुणाला कुठे घालायचं ते जर्मनीचं मुख्य ऑफिस ठरवणार, म्हणून फॉर्म आला. त्यात एक रकाना: लोकेशन.

आता कोकणातल्या माणसाला हे विचारलं तर तो काय सांगणार? चाळीस वर्षं मुंबईत काढलेला माणूससुद्धा आपलं गावच सांगतो. मी चिपळूण लिहिलं. दीपालीने अंजनवेल, अनिलने लांजा, अजिंक्यने गुहागर. सुहासने मात्र रत्नागिरी लिहिलेलं. मी त्याच्या खांद्यावर टिचकी मारली.

"मेल्या, गाव लिही, गाव! रत्नागिरीत काय तुझ्या आज्याची बाग आहे?"

सगळे हसले. तोही हसला आणि खोडून नाटे लिहिलं.

आठवड्याने यादी आली. एका ठिकाणची माणसं एका टीममध्ये ठेवायची आणि एकटादुकटा असेल त्याला जिथे जागा रिकामी तिथे घालायचं, असा नियम होता. कागदावर आम्ही पाचजण पाच गावांत एकटे! मला जर्मनीच्या टीमची उपप्रमुख केलं. सुहास गेला पोर्तुगालकडे. तिथे रोज दीड तास चर्चा, तीही कॅमेरे बंद ठेवून. पडद्यावर बोलण्याची अक्षरं उमटायची, पण त्या लोकांच्या उच्चारांपुढे तीही हात टेकायची.

खोली तीच राहिली. पण आम्ही चौघं हेडफोन घालून आणि सुहास पडद्यावरच्या अक्षरांतून, वेगवेगळ्या देशांशी जोडले गेलो. डबे उघडायची वेळही जुळेना. सुहासच्या चर्चेच्या वेळीच माझी मीटिंग. तो नुसता पडद्याकडे बघत बसायचा.

तिसऱ्या आठवड्यात त्याला मेल आली: चर्चेत सहभाग नाही, महिनाअखेर सुधारणा दिसली नाही तर नोकरी संपली. मी तडक जर्मनीला फोन लावला आणि भांड भांड भांडले. तिकडची बाई शांतपणे म्हणाली, नेमणुका आता फिरणार नाहीत. कुणी आपणहून पद सोडून खालच्या जागेवर जात असेल, तर तेवढी एक बदली करता येईल.

फोन ठेवला आणि तो राग सुहासवरच काढला.

"तू पहिल्यांदा रत्नागिरी का लिहिलं होतंस रे?"

"खाली बारीक अक्षरात होतं," तो म्हणाला. "कामाची जागा लिहा म्हणून."

"अरे, मग खोडलंस कशाला? मला सांगायचं नाहीस?"

"ताई, तू म्हणालीस म्हणून. लोक काय बोलतात ते सहा वर्षं मला तुझ्याकडूनच कळतंय. वाटलं, मीच चुकीचं वाचलं असणार."

मला रडूच फुटलं, सगळ्यांदेखत. त्याला वाटलं आपलंच काही चुकलं, बिचारा पाणी घेऊन आला.

त्याच दुपारी मी बदलीचा अर्ज उघडला. उपप्रमुखपद सोडते, पोर्तुगालच्या टीममध्ये तपासनीस म्हणून येते. दीपाली म्हणाली, "ताई, वेड लागलंय का? पद परत मिळायचं नाही." मी म्हटलं, नाही मिळालं तर नाही, चर्चा ऐकून त्याला सांगता तरी येईल.

अर्जातही तो रकाना होताच. मी कीबोर्ड सुहासपुढे सरकवला.

त्याने रत्नागिरी लिहिलं आणि माझ्या ओठांकडे बघत थांबला.

"बरोबर आहे," मी म्हटलं. त्याला नीट वाचता यावं म्हणून सावकाश, दोनदा.