सांगोल्याचा हिरवा ठिपका

कंपनी टॉवेलची, आणि तिचे कारखाने टेंभुर्णी, वेळापूर, सांगोला असे चहूकडे पसरलेले. कुठलं नेटवर्क चालू आहे नि कुठलं बंद, हे सोलापूरच्या ऑफिसात बसून दिसावं म्हणून सॉफ्टवेअर घ्यायचं ठरलं, आणि निवडीचं लोढणं दाक्षायणीच्या गळ्यात पडलं.

दोन सॉफ्टवेअरं चाचणीला लावली होती. नेटवर्क चालू असलं की पडद्यावर हिरवा ठिपका, बंद पडलं की लाल. इथवर दोन्ही सारखीच. पण पहिलं सॉफ्टवेअर लाल दिसताक्षणी तिथल्या माणसाच्या नावानिशी तक्रार थेट संचालकांना धाडायचं. दुसरं आधी त्या माणसाला कारण विचारायचं. संचालक अनिलकुमार साहेबांचा जीव पहिल्यावर जडलेला. माणसं धाकात राहिली की कामं नीट होतात, असं त्यांचं ठाम मत. दाक्षायणीलाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

या धाकाचा पहिला फटका बसला सांगोल्याचं नेटवर्क सांभाळणाऱ्या बिभीषणला. पाइपलाइनसाठी रस्ता खणताना केबल तुटायची, बोलणी मात्र हा खायचा. पुन्हा लाल दिसलं तर घरी बस, असा साहेबांचा निरोप दाक्षायणीनेच त्याला फोनवर सांगितला होता. "व्हय म्याडम," एवढंच तो म्हणाला. बिचारा दुसरं काय म्हणणार?

शेवटचं प्रात्यक्षिक नेमकं खंडेनवमीला आलं. पहिल्या सॉफ्टवेअरच्या पुण्याच्या विक्रेत्याने तारीख दिली आणि दाक्षायणीने मान डोलावली. ऑफिसातली खंडेनवमी म्हणजे कॉम्प्युटरला झेंडूचा हार. कारखान्यात मात्र मेन स्विच बंद करून यंत्रांना विश्रांती देतात आणि मगच हळदकुंकू वाहतात. सोलापुरात जन्म काढूनही ही बया ते साफ विसरली.

पूजेची वेळ झाली आणि पडद्यावर गोवर उठावा तसे लाल ठिपके उठले. टेंभुर्णी गेलं, वेळापूर गेलं. विक्रेत्याला घाम फुटला. साहेबांच्या फोनवर तक्रारींची रीघ लागली. दाक्षायणीने कपाळावर हात मारून घेतला आणि कारण सांगितलं. साहेब हसले. पूजा करणाऱ्यांवर रागावणार तरी कसं?

मग त्यांनी पडद्याकडे बोट केलं. "सांगोला बघा, एकटं हिरवं आहे. धाक कसा लागू पडतो, बघितलंत? हेच घेऊन टाकू."

दाक्षायणी हो म्हणणारच होती. पण बिभीषण नवा स्क्रू-ड्रायव्हरसुद्धा नमस्कार करून हातात घेणारा माणूस. तो आजची पूजा चुकवेल? ती बाहेर गेली आणि तिने त्याला फोन लावला.

"बिभीषण, पूजा झाली का?"

"न्हाय म्याडम. समदी हार-नारळ घिऊन खोळंबल्यात. मी मेन स्विचापाशी बसलोय, कुनाला हात लावू देईना."

"का रे?"

"बंद केलं तर तितं लाल दिसंल की. तुमीच म्हनला हुता."

दाक्षायणीला स्वतःची मनापासून लाज वाटली. देवाच्या दिवशी या माणसाला आपण राखणीला बसवलं.

"बंद कर. मी बघते."

तो घुटमळला. "तुमच्यावर काय येनार न्हाय न्हवं?"

"नाही येणार. कर पूजा."

ती आत आली तोवर सांगोलाही लाल झालं होतं. बिभीषणच्या नावाची तक्रार साहेबांच्या हातातल्या फोनवर वाजली आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"मी सांगितलं बंद करायला," दाक्षायणी म्हणाली. "नोकरी जाईल म्हणून तो सगळ्यांची पूजा अडवून बसला होता, साहेब. मी तरी हे सॉफ्टवेअर घ्या म्हणणार नाही."

साहेबांनी फोन टेबलावर पालथा ठेवला. सकाळी त्यांनीही गाडीला हार घातला होता.

"दुसऱ्यात काय दिसतंय?" त्यांनी विचारलं.

तिने दुसरं सॉफ्टवेअर उघडलं. त्याने बिभीषणला मोबाइलवर कारण विचारलं होतं, आणि उत्तरही आलं होतं: पूजा चालू हाय. पेढे पाठवतो.