काल्याआधीचा घास

"एक्सँग्विनेशन!" डॉक्टर साधना फोनवर ओरडल्या तसे ऑपरेशन थिएटरच्या दाराशी उभे असलेले खुशालराव दोन पावलं पुढे आले. शब्द कळला नव्हता, पण आवाज कळला होता.

सून आरती सकाळीच बाळंत झाली होती. मुलगी झाली, टाहो फोडून रडली, कोणी पेढ्यांचं नावही काढलं. आणि मग आरतीचं रक्त थांबेचना. खुशालरावांच्या पत्नी कौशल्याबाई नातीला पदरात घेऊन बाकावर बसल्या होत्या. मुलगा नितेश औषधांसाठी खालीवर पळत होता.

"मॅडम, काय म्हनलं तुमी फोनवर?"

"काका, नुसता रक्तस्राव म्हणजे रक्त जाणं. हा शब्द त्याच्या पुढचा. रक्त इतकं जातं, की हृदयानं ढकलायचं म्हटलं तर आत काही उरत नाही."

खुशालराव वलगावचे माळी. शेवंतीच्या मळ्यात विहीर आटली की मोटर हवा ओढते, तो आवाज त्यांनी किती उन्हाळे ऐकला होता. त्यांना नीट समजलं.

"अशी झाली का मंग ती?"

"होऊ द्यायची नाही. फोनवर हा शब्द वापरला, की पलीकडचा प्रश्न विचारत बसत नाही, रक्ताची पिशवी घेऊन धावतो. कागदावर मात्र तो बहुतेक माणूस गेल्यावरच लिहितात. मला आज तो लिहायचा नाही. ओ निगेटिव्ह आहे तिचं. होत्या तेवढ्या पिशव्या चढवल्या. अकोल्याहून मागवल्यात, पण त्याही पुरतील असं नाही. तुमच्यात कोणाचं आहे?"

"माहं हाय," खुशालराव म्हणाले. देवळातल्या रक्तदान शिबिरात मिळालेलं कार्ड त्यांच्या पाकिटातच असायचं.

खाली रक्तपेढीत नागसेन नावाच्या तरुणाने विचारलं, "काका, काही खाल्लं ना?"

"खाल्लं," खुशालराव म्हणाले.

खोटं होतं. वलगावात आज सप्त्याची समाप्ती. काल्याचं कीर्तन व्हावं, दहीहंडी फुटावी, काला हातावर पडावा, तेव्हाच टाळकऱ्यांनी तोंड उघडायचं. तोवर पाणीसुद्धा नाही, ही तिथली रीत. खुशालरावांनी तर यंदा आरतीच्या नावानं उपास धरला होता. पोर सुखरूप मोकळी होऊ दे, काल्याआधी थेंब घेणार नाही, असं विठ्ठलाला सांगितलं होतं.

खुर्चीतून उठताना त्यांच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. नागसेनने धरलं, दंडाला पट्टा बांधून रक्तदाब पाहिला, आणि मान हलवली.

"तुमच्या पोटात काहीच दिसत नाही, काका. असं रक्त घेतलं तर वरती एक अन् खाली एक, दोन पेशंट होतील. आधी खा, पाणी प्या, मग या. अन् घेतल्यावर तपासणीलाही वेळ लागतो, तेव्हा लवकर."

ते वर आले. बसवेना, उभं राहवेना. टाळ नसलेले हात उगाच एकमेकांवर आपटत राहिले. कौशल्याबाईंनी एका नजरेत ओळखलं.

"परत पाठवलं न?"

"हौ."

"खोटं सांगतलं असन. देवाचा उपास, अन् तो खोटं बोलून टिकवता? वा रे भक्ती!"

"तुले काय समजते? मी मोडला अन् तिले काई झालं तं? मंग मी कोनाले तोंड दाखवू?"

"अन् नाई मोडला, अन् झालं तं?"

थिएटरचं दार उघडलं, एक नर्स धावत बाहेर गेली, दार मिटलं. खुशालरावांनी वलगावच्या कीर्तनकार गोवर्धनबुवांना फोन लावला.

वलगावात मांडव गच्च भरला होता. बुवा वीणा गळ्यात घालून उभेच होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"खुशालराव, इतके वर्षं समोर बसून माना डोलावता. काला म्हंजे काय?"

"गोपाळाईनं आपापल्या शिदोऱ्या एकात कालवल्या."

"मंग तुमी तुमची शिदोरी अलग कावून ठेवून राहिले?"

"पन हंडी फुटल्याबिगर कसा घास घेऊ, बुवा?"

"फोन ठेवू नोका."

पलीकडे गलका उसळला. "काठी आना रे!" आणि मग मडकं फुटल्याचा खळ्ळकन आवाज. मांडवातल्या पार्बताबाईंचा खणखणीत गळा तेवढ्यात फोनमध्ये शिरला, "अवो बुवा, कीर्तन तं व्हाचं हाय अजून! डोकं फिरलं काय?"

"आज काला आधी, कीर्तन मागून!" बुवा तिकडेच ओरडले, मग हळू आवाजात, "फुटली हंडी. आता खा."

"इथं अमरावतीत काला कुठून आनू?"

"गाडीवर गिला वडा भेटते न? दह्यातलाच असते. हरिनाम घ्या अन् खा, तोच काला."

खुशालराव रस्त्यावर गेले. हिरव्या चटणीने त्यांच्या डोळ्यांत पाणी आणलं, की त्याआधीच आलं होतं, कोण जाणे. दोन प्लेटी संपवल्या, तांब्याभर पाणी प्यायले, जरा टेकले आणि पुन्हा खाली गेले.

"आता खरं सांगा, काका."

"गिला वडा. झोंबून राह्यला अजून."

नागसेन हसला. थोडं बसवून त्याने पुन्हा रक्तदाब पाहिला आणि सुई टोचली. मूठ उघडत-मिटत खुशालराव डोळे मिटून नाम घेत राहिले. पिशवीकडे पाहायची हिंमत होत नव्हती.

अकोल्याच्या पिशव्या आल्या, चढल्या, पुऱ्या पडल्या नाहीत. तपासून झाल्यावर खुशालरावांची पिशवी वर गेली. दुपार कलली तेव्हा डॉक्टर साधना बाहेर आल्या आणि भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

"थांबलं. लक्ष ठेवावं लागेल, पण थांबलं."

नितेश तिथेच जमिनीवर बसला. खुशालरावांनी डॉक्टरांच्या हातातल्या कागदाकडे बोट केलं.

"मॅडम, तो शबुद?"

"नाही लिहिला."

त्यांनी फोन लावला. बुवांनी पहिल्याच घंटीला उचलला. मागे मांडव अजून भरलेला ऐकू येत होता. काला खाऊन एकही जण उठला नव्हता, कीर्तनही अजून थांबलेलंच होतं.

"बुवा," खुशालराव म्हणाले, आणि फोन बायकोपुढे धरला. कौशल्याबाईंनी त्यांच्या हातातून फोन घेतला.

"सुरू करा म्हंते ते," त्या म्हणाल्या.