कुलपाआडची पिल्लं

पुतळाबाईनं डालग्यावरचं गोणपाट उचललं आणि तिचा हात तसाच राहिला. कोंबडीची पिल्लं एका कडेला गोळा होऊन चिवचिवत होती, आणि त्यांच्यापासून लांब एक पिल्लू पाय ताणून पडलं होतं. तिनं ते उचलून उलटंसुलटं करून पाहिलं. जखम नाही, रक्त नाही, कुठं चावा नाही. काल संध्याकाळी ह्याच पिल्लानं तिच्या तळव्यावरची कणी टिपली होती.

आदल्या दिवशीही एक गेलं होतं. तेव्हा तिनं थंडीला दोष दिला. पौषातला गारठा तळवड्यात नदीकडून यायचा तो थेट हाडांत शिरायचा. म्हणून तर पिल्लं घरात घेतली होती. अंडी उबवून कोंबडी उठली आणि थोड्याच दिवसांत मुंगसानं तिची मान फोडली. आईवेगळी पिल्लं अंगणात ठेवली असती, तर घारींनी एकही सोडलं नसतं. पुतळाबाईनं आतल्या खोलीत, चुलीमागच्या भिंतीला लागून डालगं मांडलं, खाली भाताचं तूस पसरलं आणि लेकरांसारखी त्यांची उस्तवार सुरू केली. लग्न होऊन ह्या घरात आल्यापासून तिची एकटीची म्हणावी अशी वस्तू कुठली नव्हती. ही पिल्लं तिची होती.

तिनं सगळं करून पाहिलं. धूर लागतो म्हणून डालगं सरकवलं. तूस बदललं. पाण्यात हळद घातली. उंदीर, साप, मुंग्या म्हणून खोलीचा कोपरान् कोपरा हातानं चाचपला, बिळं बुजवून वर शेण लिंपलं. सासूनं, गोजाबाईनं, मीठमोहऱ्या ओवाळून चुलीत टाकल्या. तरी रोज गोणपाट उचललं की एखादं तरी आडवं.

पुतळाबाईचा नवरा कोंडीराम पिंपरीला नव्या कारखान्याच्या बांधकामावर सायकलनं जायचा. एक दिवस मेलेलं पिल्लू पळसाच्या पानात गुंडाळून तो चिंचवडला जनावरांच्या डॉक्टराकडं घेऊन गेला. परत आला तो मान हलवतच.

"काय म्हनले?"

"म्हनले, मेल्यावर सांगता येत न्हाई. पोटात काय न्हाई, अंगावर काय न्हाई. आजारी पडलेलं घेऊन या."

"आजारी पडतच न्हाईत वो! चांगली खातात आन् मरतात."

"तेच सांगितलं मी."

काही कारण सापडलं असतं, तर पुतळाबाई त्याच्याशी भांडली असती. कारणच नव्हतं. रिकामं डोकं मग माणसं शोधायला लागलं.

शेजारची कुशाबाई विहिरीवर घागर घासता घासता हळूच म्हणाली, "त्या खोलीत तुज्याबिगर कोन जातं गं?"

"जाऊबाई जातात. त्यांचं अंथरूण हाय तिथं."

"मग?" कुशाबाई एवढंच म्हणाली आणि घागर उचलून चालू लागली.

थोरली जाऊ सोजराबाई विधवा होती. तिची दोन मुलं पाळण्यातच गेली होती, आणि पाठोपाठ नवरा. घरात ती कामापुरती बोलायची. पुतळाबाई नवी सून होऊन आली तेव्हा हिनंच तिला चुलीपुढं बसवून भाकरी थापायला शिकवली होती. पण आता पुतळाबाईची नजर सतत तिच्या हातांवर असायची. जाऊ खोलीत गेली की ही कान देऊन बसायची. बाहेर आली की आत जाऊन पिल्लं मोजायची. सोजराबाईला ते कळत होतं, तसं ती आणखीच मुकी झाली. घरात ताट ठेवल्याचा आवाजही मोठा वाटायला लागला.

एका सकाळी पुतळाबाई पाणी घेऊन आली, तर सोजराबाई डालग्यावर वाकलेली, आणि तिचा हात आत.

"हात काढा भायेर!"

सोजराबाई दचकून उभी राहिली. तिच्या तळहातावर एक पिल्लू मान टाकून पडलं होतं. "तडफडत हुतं, पुतळे. म्हनून उचललं."

"तुमी उचललं म्हनूनच मेलं. तुमच्या हातात जगलंय काय आजवर?"

शब्द तोंडातून गेला. तो ऐकून पुतळाबाई स्वतःच चपापली. त्या घरात त्या दोन मुलांबद्दल कधी कुणी चकार शब्द काढला नव्हता. दारात सासू उभी होती. सोजराबाईनं पिल्लू अलगद खाली ठेवलं, आपलं दुसरं लुगडं घडी करून काखेत घेतलं, आणि कुणाकडं न बघता चिंचवडच्या वाटेला लागली. तिथं तिचा भाऊ चिमाजी राहत होता.

त्या दिवशी पुतळाबाईनं खोलीला कुलूप लावलं. किल्ली कमरेला खोचली. सासूला नाही, नवऱ्याला नाही, कुणालाच तिनं आत जाऊ दिलं नाही. पहाटे उठल्या उठल्या तिनं कुलूप काढून गोणपाट उचललं.

तीन पिल्लं मेलेली होती. एका दिवसात एवढी कधीच गेली नव्हती.

ती तिथंच भिंतीला टेकून खाली बसली. किल्ली कमरेला टोचत होती. ह्या खोलीत तिच्याशिवाय कुणाचं पाऊल पडलं नव्हतं.

गोजाबाईनं आत डोकावून पाहिलं आणि तिचा चेहरा कठीण झाला. "जाताना काय तरी करून गेली ती. मी देवऋषी बोलावते. चावडीपुढं बसवू. नाव निघंल."

"कोनाचं नाव, आत्याबाई?"

"तुला ठावं न्हाई व्हय?"

चावडीपुढं नाव निघालं की सोजराबाईला ह्या गावात पाणी भरणंसुद्धा मुश्कील झालं असतं. आणि त्या नावाकडं पहिलं बोट पुतळाबाईनंच दाखवलं होतं. ती उठून सासूच्या वाटेत उभी राहिली. आजवर तिनं गोजाबाईपुढं मान वर केली नव्हती.

"कुलूप मी लावलं. किल्ली माज्यापाशी. नाव काढायचंच तर माजं काढा."

"येडी झालीस काय?"

"येडी हुते, म्हनून त्यांना बोलले. देवऋषी आला तर मी चावडीवर जाऊन हेच सांगनार."

सासूनं आशेनं लेकाकडं बघितलं. कोंडीराम सायकलीचं हँडल धरून ओट्याशी उभा होता. त्यानं सायकल भिंतीला टेकवली. मग म्हणाला, "देवऋषी नको, आई." आणि बायकोला म्हणाला, "तू चिंचवडला जाऊन ये."

पुतळाबाई निगडीच्या माळावरून उन्हातान्हाची चालत गेली. सोजराबाई भावाच्या ओसरीवर तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

"जाऊबाई, खोलीला कुलूप हुतं. तरी मेली."

सुपातला हात थांबला. "म्हंजे कुलूप घातलंस. मगच तुला खरं वाटलं."

पुतळाबाई तिच्यापुढं खाली बसली. "चला घरी," ती कशीबशी म्हणाली.

"तू मला घरात बोललीस. पर ते विहिरीवर गेलंय. मी त्याच विहिरीवर पानी भरायचं का?"

परतीच्या वाटेवर पुतळाबाईला एवढंच ऐकू येत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी बायकांची गर्दी असतानाच ती विहिरीवर गेली. घागर खाली ठेवली. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "माज्या जाऊबाईंनी पिल्लांना काय केलं न्हाई. मी त्यांना वाईट बोलले. ते खोटं हुतं."

दोर ओढायचे थांबले. कुशाबाईनं भुवया वर केल्या. "मग मारली कुनी?"

सगळ्या तिच्याकडं बघत होत्या. काहीतरी नाव, काहीतरी कारण दिलं असतं, तर त्या समाधानानं घरी गेल्या असत्या. पुतळाबाईनं घागरीला दोर बांधला.

"मला ठावं न्हाई," ती म्हणाली. "कुनालाच ठावं न्हाई."

आणि तिनं घागर पाण्यात सोडली.

चार दिवसांनी चिमाजी बहिणीला घेऊन आला. तोवर डालग्यात दोनच पिल्लं उरली होती. सोजराबाईनं आतल्या खोलीत अंथरूण टाकायला नकार दिला, ती माजघरात झोपू लागली. पुतळाबाईशी ती कितीतरी दिवस जेवढ्यास तेवढंच बोलायची. त्या दोन पिल्लांतलं एक पुढं मेलं, एक जगलं. का गेलं आणि का जगलं, ते शेवटपर्यंत कळलं नाही. जगलेलं पिल्लू अंगणात फिरायला लागलं तेव्हा पुतळाबाईनं कणीची वाटी सोजराबाईपुढं धरली. सोजराबाईनं तिच्याकडं पाहिलं, वाटीकडं पाहिलं, आणि मूठभर कणी उचलली.