कोवळ्या शमीचं सोनं

दसऱ्याच्या संध्याकाळी आखातातल्या सलमाबादच्या कामगार कॅम्पात विलासबुवा कीर्तनाला उभे राहिले, तेव्हा मेसचा हॉल गच्च भरला होता. दिवसभर वाळवंटाच्या कडेला विलायती बाभळी उपटणारे हातच आता टाळ वाजवत होते. या बाभळीने जुन्या शमीच्या झाडांना असा वेढा घातला होता, की त्यांच्याखाली रोपटं म्हणून रुजत नव्हतं. यंदा बाभूळ हटली आणि वीतभर रोपं वर आली. मुकादम रहिमतुल्लाभाई, मूळचे रत्नागिरीचे, आपल्या थर्मासातलं पाणी त्यांना घालत.

"शमी म्हणजे वाळवंटातली माउली!" बुवांनी वरचा सूर लावला. "तिचं पान खुडताना हात थरथरला पाहिजे, मायबाप!"

पुढच्या रांगेतल्यांनी डोळे पुसले. मग बुवांनी शमीच्या पानांचं ताट फिरवलं. "आपटा इथं मफी, मिळतच नाही. हेच आपलं सोनं!"

दाराशी बसलेल्या रहिमतुल्लाभाईंनीही हात पुढे केला. पान बोटांत चुरलं आणि मान वर केली.

"बुवा, मोठ्या झाडाचा पाला एवढा मऊ नसतो. कुठनं आणलात?"

"मोठ्याला हात पुरेना, भाई. म्हटलं, देवाचंच काम आहे. खालच्या रोपट्यांचे नुसते शेंडे…"

"सगळ्यांचे?"

बुवांनी हळूच मान हलवली.

"बकऱ्या येतील म्हणून मी कुंपण घातलं," भाई म्हणाले. "बुवा येतील, हे नाय सुचलं मला."

चारजण हसले. बुवांनाही हसायचं होतं, पण ओठ हलेनात. भाईंनी ते चुरलेलं पान शर्टाच्या खिशात जपून ठेवलं. त्यापेक्षा दोन शिव्या हासडल्या असत्या तर बुवांना बरं वाटलं असतं.

शुक्रवारी सुट्टी. बुवा एकटेच रोपांपाशी गेले. नुसत्या काड्या उभ्या होत्या. प्रत्येकीपाशी वाकून त्यांनी पाणी घातलं, हिरवा ठिपका शोधला. कुठं दिसला नाही.

मागून भाई आले. "आज भजन नाय, बुवा?"

"कुठल्या तोंडानं म्हणू, भाई?"

"मग बाभूळ तरी ओढा. यल्ला, चला."

तोडलेल्या बाभळीच्या काटेरी फांद्या बुवांनी ओढत आणल्या आणि रोपांभोवती रचल्या. काटे तळव्यात शिरत होते. शेवटची फांदी लावून झाली, तेव्हा ते कुंपणाच्या बाहेर उभे होते. आत वाकून बघायला स्वतःलाही त्यांना फट ठेवायची नव्हती.