चादरीवर शिवलेला सूड

मित्रांनो, मी एक जुने पुस्तक आहे, पण माझ्यात कागद औषधालाही सापडणार नाही. माझी पाने चादरीची आहेत आणि माझा जन्म सूडापोटी झाला.

ट्युनिस शहरात दुर्रा नावाची चित्रकार आणि विदाद नावाची परिचारिका एकाच घरात भाड्याने राहत. न्हाणीघर एक, चूल एक, गॅलरीही एकच. एकदा गॅलरी धुताना विदादने फिनेलचे पाणी जाईच्या कुंडीत ओतले आणि जाई जळून गेली. ती जाई दुर्राच्या दिवंगत आईने लावलेली होती.

"अगं, झुडूपच ते! बाजारात ढिगानं मिळतं," विदाद म्हणाली.

दुर्राने विदादची जुनी चादर फाडली आणि मला शिवायला घेतले. एका पानावर न्हाणीघराच्या जाळीत अडकलेले विदादचे केस, दुसऱ्यावर तिने न विसळलेल्या कपाचा डाग. शेवटच्या पानावर विदादने आपल्या होणाऱ्या सासूबद्दल काढलेले उद्गार दुर्राने विदादच्या नावासकट लाल दोऱ्याने टाचले: 'म्हातारी म्हणजे दाढदुखी. उपटल्याशिवाय सुख नाही.' त्या टाक्यांनी मला गुदगुल्या होत.

प्रदर्शनात माझे फार कौतुक झाले. दुर्राने विदादच्या होणाऱ्या सासूला, मुनीराबाईंना, मुद्दाम बोलावले होते. विदाद त्यांना हाताला धरून घेऊन आली. बाईंनी चष्मा लावून शेवटचे पान वाचले.

"दाढ आपणहून पडली बघ, पोरी. आता राहा सुखात," त्या म्हणाल्या आणि साखरपुड्याची अंगठी त्यांनी तिथेच परत मागून घेतली.

मला धन्य वाटले. विदाद रडली नाही. तिने मला पहिल्यापासून चाळले.

"सगळं खरं आहे, दुर्रा. पण तू तापानं फणफणली होतीस, तेव्हा उशाशी बसून मी तुला भरवलं. ते पान कुठाय गं?"

त्याच संध्याकाळी ती सामान घेऊन गेली.

आता घर परवडावे म्हणून दुर्रा सोबतीण शोधते. मुली जिना चढून येतात, भिंतीवर मला पाहतात आणि दारातूनच फिरतात. "अगंबाई, ती पुस्तकवाली तूच का? नको बाई, मी झोपेत काय बरळले तेही शिवशील!"

मित्रांनो, एका छपराखाली राहायचे तर तोंडावर भांडा, पण माझ्यासारखे पुस्तक शिवू नका. परवा दुर्रा ते राहिलेले पान जोडायला बसली होती. सुईत दोरा ओवून तिने सगळे घर धुंडाळले. त्या तापाच्या दिवसांचा घरात कुठे साधा डागही उरला नव्हता. ती शिवणार काय?